भाताचं रोप पडद्यावर वाढवताना

माणमध्ये संगणकावर बसणाऱ्यांची वाण नाही. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा गावाच्या शिवारापर्यंत आला, शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोची सुरुवात आणि तिचा डेपोही इथेच. तरी ‘हलतं चित्र स्वतः करून बघा’ म्हटलं की बहुतेक जण मागे सरतात. हे मोठ्या स्टुडिओचं काम, आपलं नव्हे, असा एक समज घट्ट बसलेला आहे. प्रत्यक्षात जुनासा लॅपटॉप, माउस आणि फोटो सुधारायचं एखादं सॉफ्टवेअर एवढ्यावर पाच सेकंदांचं ॲनिमेशन एका रविवारी दुपारी होतं.

इथे आपण गिंप हे सॉफ्टवेअर धरून चालू. ते फुकट मिळतं, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. मात्र ते गिंपच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावं. फोटोशॉप असेल तर मेनूंची नावं थोडी वेगळी असतील, रीत तीच.

विषय घेऊ भाताच्या रोपाचा. आपला मुळशी तालुका आंबेमोहोरासाठी ओळखला जातो. बी रुजण्यापासून लोंबी वाकेपर्यंत भाताचं रूप कसं पालटतं हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. दुसरं कारण दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्याच्या आधी भांडवलदाराची खात्री पटवायला फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि दिवसांमागून दिवस त्याची एकेक फ्रेम टिपली. फ्रेम म्हणजे चित्रफितीवरचं एक सुटं, स्थिर चित्र. ‘अंकुराची वाढ’ नावाच्या त्या छोट्या पटात पडद्यावर वाटाण्याचा वेल बघता बघता वर चढला आणि यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे दिले. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये फाळक्यांनी काड्याही अशाच नाचवल्या. भारतीय चित्रपटाच्या मुळाशी हा धीराचा उद्योग आहे. आपल्याला कॅमेराही लागणार नाही.

तत्त्व एका वाक्याचं आहे: किंचित फरक असलेली चित्रं भराभर एकामागून एक दाखवली की डोळ्याला हालचाल दिसते. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं पुरतात. आपण त्याहूनही कमी घेऊ. सगळी मिळून २० चित्रं.

संगणक सुरू करण्याआधी एका कागदावर चारच चित्रं काढा: ओल्या मातीत नुसतं बी, सुईसारखा कोंब, फुटवे आलेलं हिरवं रोप, दाण्यांच्या भाराने वाकलेली लोंबी. ही मुख्य चित्रं. उरलेली सगळी यांच्या मधली. ही पायरी गाळली की पहिल्या दहा चित्रांतच रोप पडद्याच्या वरच्या कडेला टेकतं आणि लोंबीला जागा उरत नाही.

आता गिंप उघडा. फाइल मेनूत न्यू निवडा, रुंदी ४८० आणि उंची ३६० पिक्सेल द्या. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वात लहान ठिपका. हौसेने १९२०चा आकडा टाकू नये. आपण शेवटी जीआयएफ प्रकारची फाइल करणार आहोत आणि ती आकाराने फार लवकर फुगते. जीआयएफ हा १९८७ सालचा प्रकार. त्यात एका चित्रात २५६च रंग मावतात. त्यामुळे पाच-सहा सपाट रंग आधीच ठरवून घ्या, छटांच्या मागे लागू नका.

पहिल्या थरावर पार्श्वभूमी रंगवा: वर फिकट आभाळ, खाली चिखलाची पट्टी, हवा तर बांध. चिखलात बीचा एक ठिपका. हेच आपलं पहिलं चित्र.

थराला सॉफ्टवेअरमध्ये लेयर म्हणतात. जुन्या कार्टूनपटांत पारदर्शक सेल्युलॉइडच्या पानांवर पात्रं रंगवून ती एकाच पार्श्वचित्रावर ठेवत आणि छायाचित्र घेत. लेयर म्हणजे तेच पारदर्शक पान, फक्त संगणकातलं. उजवीकडच्या चौकटीत लेयरची यादी दिसते. जीआयएफ करताना गिंप या यादीतली प्रत्येक ओळ एक फ्रेम धरतं, तीही खालून वर. सर्वात खालचा लेयर आधी, वरचा शेवटी.

नवशिक्याचं पहिलं अडखळणं इथलंच. आपल्याला यादी वरून खाली वाचायची सवय, त्यामुळे नवे लेयर पार्श्वभूमीच्या खाली सरकवले जातात आणि रोप वाढण्याऐवजी जमिनीत परत जातं. तसं झालं तर पुन्हा काढत बसू नका. लेयर मेनूत स्टॅक नावाचा उपमेनू आहे, त्यात रिव्हर्स लेयर ऑर्डर दाबलं की सगळी चळत उलटी होते.

आता वाढ. लेयर मेनूतून नवा लेयर घ्या. तो पारदर्शकच ठेवा आणि त्यावर फक्त कोंबाचं टोक काढा. पुढच्या नव्या लेयरवर फक्त त्या कोंबाच्या वरचा नवा तुकडा. त्याच्या पुढच्यावर पहिलं पान. असे १२ लेयर करा. आधी काढलेलं काहीही पुन्हा काढायचं नाही, नवं तेवढंच भरायचं. खालचे लेयर दिसत असतातच, म्हणून कुठून पुढे जायचं ते कळतं.

ब्रश म्हणून पेन्सिल हे साधन निवडा, पेंटब्रश नको. पेंटब्रशच्या रेघेच्या कडा मऊ, अर्धपारदर्शक असतात. जीआयएफमध्ये अर्धपारदर्शक असं काही नसतं. ठिपका एक तर पूर्ण दिसतो, नाही तर मुळीच दिसत नाही. मऊ कडांमुळे रोपाभोवती पांढरट किंवा काळपट झालर येते आणि ती कुठून आली हे काही केल्या कळत नाही. पेन्सिलच्या कडा खरखरीत दिसतील. या आकाराच्या चित्रात ते शोभतंही.

रेघ उमटेनाशी झाली तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, यादीत कोणता लेयर निवडलेला आहे. निम्म्या वेळा आपण भलत्याच लेयरवर काढत असतो आणि वरच्या लेयरमुळे ते झाकलेलं असतं. दोन, लेयरभोवतीची तुटक पिवळी चौकट. लेयर चित्रापेक्षा लहान असला तर चौकटीबाहेर काहीही उमटत नाही. लेयर मेनूत लेयर टू इमेज साइझ दाबा, चौकट पूर्ण चित्राएवढी होईल.

काम जपण्याचं आताच सांगून ठेवतो. कंट्रोल आणि एस दाबल्यावर गिंप एक्ससीएफ प्रकारची फाइल साठवतं. ती आपली मूळ प्रत, तिच्यात सगळे लेयर शाबूत राहतात. फक्त जीआयएफ ठेवून मूळ प्रत फेकणारे पुढे पस्तावतात. जीआयएफ पुन्हा उघडली की तिच्यात ठरावीक रंगांचाच डबा असतो, आपण हिरवा निवडावा आणि उमटावा भलताच. त्यावर उपाय आहे, इमेज मेनूत मोड आणि त्यात आरजीबी. पण हरवलेल्या छटा परत येत नाहीत.

बारा लेयर झाले की लगेच चालवून पाहा. फिल्टर्स मेनूत ॲनिमेशन, त्यात प्लेबॅक. छोटी खिडकी उघडते, तिच्यातलं प्ले बटण दाबा. रोप वर येताना दिसेल. या क्षणी घरातल्या कोणाला तरी हाक मारल्याशिवाय राहवत नाही, हे बहुतेकांचं होतं.

रोप वाढतं, पण मागचं काही पुसलं जात नाही, कारण गिंप इथे नवा लेयर आधीच्यावर चढवत जातं. या रीतीला कम्बाइन म्हणतात. दुसरी रीत रिप्लेस, तिच्यात नवी फ्रेम आली की आधीची पूर्ण जाते. वाढणाऱ्या गोष्टीला कम्बाइन सोयीचं: भिंत बांधली जाणं, अक्षर लिहिलं जाणं, रांगोळी पुरी होणं. जी वस्तू जागा बदलते तिला ते चालत नाही. पळणारा बैल कम्बाइनमध्ये दाखवला तर एका बैलामागे दहा बैलांची दावण दिसेल. मग नेटवर वाचून कोणी रिप्लेस निवडतं आणि दुसरा धक्का बसतो. पहिल्या फ्रेमनंतर आभाळ, चिखल, बांध सगळं नाहीसं होतं, कारण पार्श्वभूमी फक्त तळच्या लेयरवर होती आणि तो लेयर तर बदलला गेला. ॲनिमेशन अर्धवट सोडून देणारे बहुधा याच दोन धक्क्यांमध्ये सुटतात.

यातून बाहेर पडायचा मार्ग सोपा आहे. हलणाऱ्या भागाच्या प्रत्येक फ्रेममध्ये संपूर्ण चित्र असू द्या, पार्श्वभूमीसकट. पूर्ण रंगवलेला, कुठेही पारदर्शक नसलेला लेयर खालचं सगळं झाकतो, मग कम्बाइन असो वा रिप्लेस, दिसतं तेच. लोंबीसाठी आपण हेच करणार.

सगळे १३ लेयर दिसत असल्याची खात्री करा, म्हणजे प्रत्येक ओळीपुढचा डोळ्याच्या खुणेचा चौकोन चालू हवा. लेयर मेनूत न्यू फ्रॉम व्हिजिबल दाबा. जे काही दिसतंय त्याचा एकसंध लेयर तयार होतो: पार्श्वभूमी आणि तिच्यावर पूर्ण वाढलेलं, अजून लोंबी न आलेलं रोप. तो यादीत सर्वात वर न्या. मग शिफ्ट, कंट्रोल आणि डी एकत्र दाबून त्याच्या प्रती काढा, एकूण सात होईपर्यंत. सातही लेयरवर लोंबी काढायची आहे. पहिल्यावर सरळ उभी, सातव्यावर पुरती वाकलेली.

प्रश्न येतो तो मधल्या पाचांचा. आधीच्या चित्रात लोंबी कुठे होती हे दिसल्याशिवाय नवी कुठे काढायची ते ठरत नाही, आणि वरचा लेयर तर खालचा झाकतो. म्हणून काम चाललेल्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे गडदपणा, शंभरावरून पन्नासावर आणा. खालच्या लेयरची लोंबी फिकट दिसू लागते. ॲनिमेटर कागदाखाली दिवा लावून हेच करतात आणि याला ओनियन स्किन असं नाव आहे. हल्लीच्या खास ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी बटण असतं, आपण हाताने करतो एवढंच. चालू लेयरच्या वरच्या प्रतींचा मात्र त्या वेळी डोळा मिटून ठेवा, नाही तर त्या आड येतील. चित्र झालं की ओपॅसिटी परत शंभर करायला विसरू नका. विसरलात तर त्या एका फ्रेमचे रंग बदलतात आणि चालवताना चित्र मध्येच लुकलुकतं.

लोंबीचं टोक दर चित्रात किती सरकवावं? समान अंतरं ठेवली तर ती घड्याळाच्या काट्यासारखी सरकते, यंत्रवत. खरी लोंबी आधी रेंगाळते, मग भाराने झपकन खाली येते आणि शेवटी सावरते. टोकाने सगळं मिळून ६० पिक्सेल अंतर काटायचं असेल तर सहा टप्प्यांत ४, ८, १४, १६, १२ आणि ६ असं वाटून पाहा. आकडे पाळलेच पाहिजेत असं नाही, सुरुवातीला आणि शेवटी अंतरं लहान, मध्ये मोठी, इतकं सांभाळा. आणखी एक, टोक सरळ रेषेत खाली आणू नका. ते कमानीत येतं, कारण देठ खाली घट्ट रोवलेला असतो. सरळ रेषेत आणलं तर लोंबी वाकल्यासारखी न दिसता आखूड झाल्यासारखी दिसते. सॉफ्टवेअर कितीही महागडं असलं तरी हे ते आपल्यासाठी ठरवत नाही. पावसाळा सरल्यावर एखाद्या खाचराच्या बांधावर पाच मिनिटं थांबून वाऱ्यात लोंब्या कशा डुलतात ते पाहून या. धडा तिथे मिळेल.

सातही चित्रांत बांधाची, पानांची रेघ आपोआप जागच्या जागी राहते, कारण त्या प्रती आहेत. प्रत न काढता प्रत्येक वेळी सगळं नव्याने काढलं असतं तर स्थिर वस्तूही थरथरल्या असत्या. काही कलावंत ती थरथर मुद्दाम ठेवतात. पहिल्या प्रयत्नात ती टाळलेली बरी.

वेळ ठरवणं राहिलं. गिंपमध्ये प्रत्येक फ्रेमचा वेळ लेयरच्या नावातच लिहितात. यादीतल्या नावावर दोनदा क्लिक करा, नावापुढे कंस उघडून आकडा लिहा, त्याला चिकटून इंग्रजी छोट्या लिपीतली एम आणि एस ही अक्षरं, मग कंस बंद. एमएस म्हणजे मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. नाव मराठीत ठेवलं तरी चालतं, पण कंसातला आकडा इंग्रजी अंकांतच हवा, देवनागरी अंक गिंपला वेळ म्हणून कळत नाहीत. आमच्याकडच्या मराठी कळफलकावर काम करणाऱ्यांचं घोडं इथे हमखास पेंड खातं.

बी असलेल्या पहिल्या चित्राला ६०० द्या, पाहणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळू द्या. वाढीच्या १२ चित्रांना प्रत्येकी १५०. लोंबीच्या पहिल्या सहांना १००. शेवटच्याला २०००, म्हणजे पूर्ण दोन सेकंद. बेरीज पाच सेकंद होते. शेवटचा हा थांबा नवखे बहुधा देत नाहीत. लोंबी वाकते न वाकते तोच रोप पुन्हा बीमध्ये, आणि बघणाऱ्याला शेवट दिसतच नाही. उलट, फार घाईचे आकडेही टाकू नका. २०पेक्षा कमी दिलं तर बरेच ब्राउझर ते मानत नाहीत आणि स्वतःच्या मर्जीने चित्र संथ चालवतात.

आता बाहेर काढू. आधी यादी एकदा वरपासून खालपर्यंत तपासा. खाणाखुणांसाठी काढलेला एखादा कच्चा लेयर राहिला असेल तर काढून टाका, नुसता डोळा मिटण्यावर विसंबू नका. मग फाइल मेनूत एक्स्पोर्ट ॲज निवडा आणि फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन इंग्रजीत जी-आय-एफ ही तीन अक्षरं लिहा. पुढे जी चौकट येते तिच्यात ॲज ॲनिमेशन या ओळीपुढे खूण केलीच पाहिजे. ती राहिली तर सगळे लेयर एकत्र दाबले जाऊन एकच मुकाट चित्र हाती येतं, आणि ‘माझं ॲनिमेशन हलत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एवढंच असतं. चित्र पुन्हा पुन्हा चालायला हवं असेल तर लूप फॉरेव्हर चालू ठेवा. सगळ्या फ्रेमना एकच वेळ लावणारी खूण मात्र बंद ठेवा, नाही तर आपण नावांत लिहिलेले आकडे वाया जातील.

फाइल जड वाटली तर फिल्टर्स, ॲनिमेशन आणि त्यात ऑप्टिमाइझ फॉर जीआयएफ. बदललेला भाग तेवढाच ठेवून गिंप एक वेगळी, हलकी प्रत उघडतं. एक्स्पोर्ट तिच्यातून करा, पण ती मूळ एक्ससीएफवर साठवू नका. तिच्यात लेयरचे तुकडे झालेले असतात, नंतर सुधारणा करणं जिकिरीचं होतं.

व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर समोरच्याला स्थिर चित्र दिसलं तर तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवून पाहा.

चित्रकलेचा मुळीच सराव नसेल तर फाळक्यांची वाट धरा. वाटीत ओली माती, चार दाणे भात, मोबाइल एका जागी पक्का टेकवलेला. जागा तीच, शक्यतो वेळही तीच, आणि खिडकीच्या उन्हापेक्षा दिव्याचा उजेड बरा, कारण पावसाळी ढगांमुळे प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि चालवताना चित्र मिचमिचतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याचदा फोकस आणि उजेड गोठवता येतो, तेवढं करा. फोटोंना ०१, ०२ अशी नावं द्या. नुसते १, २ लिहिले तर काही ठिकाणी १च्या मागोमाग १० येतो. मग फाइल मेनूतल्या ओपन ॲज लेयर्सने सगळे एकदम आणा, क्रम पाहा, इमेज मेनूतल्या स्केल इमेजने रुंदी ४८० वर आणा आणि पुढचं सगळं वरच्यासारखंच. फोटोंत छटा पुष्कळ असल्याने २५६ रंगांत पार्श्वभूमीचे पट्टे पडतात. मागे साधा एकरंगी पुठ्ठा उभा केला की ते पुष्कळ कमी होतात.

वीस-तीस चित्रांपर्यंत गिंप नीट साथ देतं. त्यापुढे लेयरची यादी आवरेनाशी होते. तेव्हा क्रिता पाहा. तेही फुकट आहे, त्यात फ्रेमची आडवी पट्टी आणि ओनियन स्किनचं बटण तयार मिळतं. गिंपमध्ये हाताने कम्बाइन, रिप्लेस आणि मिलिसेकंद हाताळलेल्याला तिथे शिकायचं थोडंच उरतं. दुसऱ्या खेपेला विषय म्हणून मेट्रो घ्यायला हरकत नाही: डब्यांचं एकच चित्र, प्रत्येक फ्रेममध्ये मूव्ह साधनाने तेवढंच पुढे ढकललेलं. स्थानकाजवळ येईस्तोवर अंतरं समान ठेवा, थांबताना लहान करत न्या. प्रत्येक फ्रेममध्ये पार्श्वभूमी असू द्या.